बेचाळीस मण्यांची पाचर

रात्रभर पाऊस कोसळला होता. सिडनीतला फेब्रुवारी म्हणजे आपल्याकडच्या जूनसारखा, अंगाला चिकटणारा. सकाळी जावई मागच्या अंगणातल्या पोहण्याच्या तलावातून जाळीनं पाचोळा काढत होते. मध्येच ते थबकले आणि नातवंडांना म्हणाले, "दोघंही मागे सरा. पायात बूट आहेत ना?"

तळाशी एक काळा कोळी पाय मुडपून पडला होता. अंगावर ओल्या कातळासारखी तकाकी. मला वाटलं, बुडून मेला असणार. जावयांनी लांब दांड्याच्या जाळीनं तो अलगद उचलून काचेच्या बरणीत सोडला, मूठभर ओली माती घातली आणि भोकं पाडलेलं झाकण फिरवलं. पाचेक मिनिटं गेली. मग एक पाय हलला, दुसरा हलला, आणि बघता बघता तो पुढचे पाय उगारून मागे रेलून उभा राहिला. पायांच्या मधून दोन सुळे दिसले. दोन्हींच्या टोकाला एकेक थेंब लकाकत होता.

"आबा, हे पाण्यात दिवसभर जगतात," थोरली म्हणाली. "अंगावरच्या केसांत हवेचा बुडबुडा धरून ठेवतात. आणि हा नर आहे. दुसऱ्या पायावरचा तो काटा बघा."

तिला हे शाळेतच शिकवलेलं. मी कोल्हापुरात तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, या कोळ्याच्या विषाबद्दल वाचलं, वर्गात सांगितलंही. पण समोरासमोर गाठ पडली ती आज, लेकीच्या घरी.

धाकटा माझा हात धरून उभा होता. "आबा, आजी म्हणते कोळी मुतला की अंगावर फोड येतात. हा मुतेल?"

नाही रे बाळा. आजीनं जे पाहिलं ते खरं, पण दोष भलत्याच्या माथी गेला. पावसाळ्यात दिव्याभोवती एक बारका, नारिंगी-काळा, मुंगीसारखा दिसणारा भुंगेरा येतो. तो मानेवर बसला आणि आपण झोपेत चिरडला, की त्याच्या अंगातल्या रसानं कातडी भाजते. सकाळी पट्टा उठलेला दिसतो. कोळी बिचारा भिंतीवर असतोच, म्हणून आळ त्याच्यावर. पण या बरणीतल्या पाहुण्याची गोष्ट वेगळी आहे. याच्यापासून खरोखरच जपायला हवं, आणि का जपायचं हे समजलं तर त्याच्याकडे बघण्याची आपली नजरही बदलेल. चला, पोहे होईपर्यंत सांगतो.

बरणी टेबलाच्या मधोमध ठेवली. याचं इंग्रजी नाव फनेल-वेब. फनेल म्हणजे नरसाळं, तेव्हा आपण याला नरसाळ्या म्हणू. शास्त्रीय नाव अ‍ॅट्रॅक्स रोबस्टस; ते 1877 साली इंग्लंडमधल्या ऑक्टेव्हियस पिकार्ड-केंब्रिज नावाच्या पाद्र्यानं ठेवलं. हे पाद्रीबुवा आयुष्यभर कोळीच अभ्यासत होते. सिडनी शहर आणि त्याभोवतालचं रान, एवढाच या कोळ्याचा मुलूख. जमिनीत, दगडाखाली, कुजक्या ओंडक्याखाली तो ओलसर बीळ करतो, आतून रेशमाचं अस्तर लावतो आणि बिळाच्या तोंडाशी चहूबाजूंना धागे ताणून ठेवतो. रात्री एखादं झुरळ, भुंगेरा नाहीतर गोगलगाय त्या धाग्याला अडखळली की मालक दाराशी हजर.

मादी वर्षानुवर्षं त्याच बिळात राहते. नरही पहिली काही वर्षं तसाच घरकोंबडा असतो. पण वयात आला की तो बिळातून बाहेर पडतो आणि पुन्हा कधीच परतत नाही. उन्हाळ्याच्या दमट रात्री, पाऊस पडून गेला की तो मादीच्या शोधात भटकतो. वाटेत आपली घरं, आपले बूट, दोरीखाली पडलेला टॉवेल, आणि काल रात्री त्याला आडवा आला आपला तलाव.

"म्हणजे तो लग्नाला निघाला होता?" धाकट्यानं विचारलं.

हो. तसंच म्हणायला हवं.

आता त्याच्या सुळ्यावरचा थेंब आपल्या अंगात गेला तर काय होतं, ते समजायचं तर आधी एका बेडकाची गोष्ट ऐकावी लागेल. मी कॉलेजात असताना आमच्या प्रयोगशाळेत एक यंत्र होतं. पितळेचा ढोल, त्याला गुंडाळलेला गुळगुळीत कागद. तो कागद आम्ही धुराच्या ज्योतीवर फिरवून काजळीनं काळा करायचो. मेलेल्या बेडकाच्या पोटरीचा स्नायू त्याच्या मज्जातंतूसकट काढून, एका हलक्या तरफेला बांधायचा. तरफेच्या टोकाला सुई. मज्जातंतूला विजेचा बारीकसा झटका दिला की स्नायू टुणकन आखडायचा, सुई वर जायची, आणि फिरत्या काजळीवर पांढरी टेकडी उमटायची. आता कॉलेजांतून ते बेडूक बंद झाले, ते योग्यच झालं. पण त्या पांढऱ्या रेघा मला अजून दिसतात.

सेकंदाला एक झटका दिला की एक टेकडी, मग सपाट रेघ, मग दुसरी टेकडी. स्नायू आखडायचा आणि सैलावायचा. झटक्यांचा वेग वाढवला की टेकड्या एकमेकींना चिकटायला लागायच्या. पहिली उतरते न उतरते तोच दुसरी चढायची. सेकंदाला तीस-चाळीसपर्यंत नेलं की टेकड्या संपल्या, वर एकच सपाट पठार! स्नायू ताठ, लाकडासारखा. त्याला सैल व्हायला फुरसतच मिळत नव्हती. आमचे सर त्या पठारावर बोट ठेवून म्हणायचे, पोरांनो, ताकद आखडण्यात जेवढी आहे तेवढीच सैल होण्यात आहे. मी पुढे माझ्या विद्यार्थ्यांनाही त्याच पठारावर बोट ठेवून दाखवत आलो, कारण नरसाळ्याच्या विषाची किल्ली तिथेच आहे.

"पण झटका कोण देतं? आपल्या अंगात वीज कुठंय?" थोरलीचा प्रश्न रास्त होता.

आहे. मज्जातंतूच्या बाहेर खारट पाणी असतं, त्यात सोडियमचे कण भरपूर. आत ते फार थोडे. पडद्याच्या आतबाहेर साधारण 70 मिलिव्होल्टचा फरक राखलेला असतो, म्हणजे धनुष्य आधीच ताणून ठेवलेलं. पडद्यात जागोजागी सोडियमची बारीक दारं. तू आईबरोबर हॉर्न्सबी स्टेशनला जातेस तेव्हा कार्ड टेकवल्यावर फाटक उघडतं, तू आत जातेस आणि फाटक आपलं आपण मिटतं. तसंच हे. शेजारचं दार उघडल्याचा धक्का लागला की हे दार उघडतं, सोडियम आत घुसतो, पुढच्या दाराला धक्का लागतो, ते उघडतं. अशी उघडझाप धावत सुटते, लांब आणि जाड तंतूंमध्ये सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास. तू पायाचा अंगठा हलवायचं ठरवतेस आणि तो हलतोच.

पण खरी करामत दार उघडण्यात नाही, मिटण्यात आहे. प्रत्येक दार म्हणजे चार सारख्या भागांचं वर्तुळ. प्रत्येक भागाला एक खटका. पहिले तीन खटके उचलले की दार उघडतं. चौथा खटका जरा रेंगाळून उचलला जातो, आणि तो उचलला की आतल्या बाजूनं एक बूच येऊन दाराच्या तोंडात बसतं. सगळं मिळून सेकंदाच्या हजाराव्या भागात! दार बंद, धनुष्य पुन्हा ताणायला मोकळं.

नरसाळ्याच्या विषात कितीतरी वेगवेगळी प्रथिनं असतात, पण माणसाचा घात करणारं मुख्य एकच. डेल्टा-हेक्साटॉक्सिन म्हणतात त्याला. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या एकेका माळेत शंभराहून जास्त मणी असतात. या विषाच्या माळेत फक्त बेचाळीस. पण ती माळ चार ठिकाणी गाठ मारून अशी घट्ट आवळलेली असते, की सहजासहजी उलगडत नाही. ही एवढीशी गाठोडी दाराच्या बाहेरच्या अंगाला जाऊन बसते आणि नेमका तो चौथा खटका दाबून धरते. पाचर ठोकावी तशी! बाकीचे तीन खटके आपलं काम करतात. दार उघडतं. बूच मात्र वेळेवर येत नाही.

मला या गोष्टीचं नेहमी नवल वाटत आलंय. आपण विष म्हटलं की जाळणारं, कुजवणारं, फोडणारं काहीतरी डोळ्यांपुढे आणतो. हे विष काहीच फोडत नाही. मज्जातंतू शाबूत, स्नायू शाबूत, दारही शाबूत. फक्त मिटायला उशीर. आणि तेवढ्यानं सगळं शरीर उलटंपालटं होतं.

दार उघडं राहिलं की सोडियम आत येत राहतो. एका हुकमाच्या जागी हुकमांची माळच सुटते. मेंदूनं काही सांगितलेलं नसताना मज्जातंतू आपणच ओरडत सुटतात. आधी ओठांभोवती आणि जिभेला मुंग्या येतात. मग जिभेचे आणि चेहऱ्याचे स्नायू कातडीखाली अळ्या वळवळाव्यात तसे थरथरतात, पुढे ही थरथर अंगभर पसरते. जबडा आवळला जातो. आणि आपल्या हुकमाबाहेरचे जे मज्जातंतू आहेत, हृदयाचे, घामाचे, लाळेचे, त्यांचीही तीच गत. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, अंगातून घामाच्या धारा, अंगावर काटा. घरातले सगळे नळ कुणीतरी एकदम सोडून द्यावेत तसं. रक्तदाब चढतो, हृदय धावत सुटतं, फुप्फुसांत पाणी भरायला लागतं. पुढे दमलेलं शरीर खचतं आणि रक्तदाब कोसळतो. हे सगळं काही मिनिटांत सुरू होऊ शकतं. लहान मुलांत तर फारच झपाट्यानं.

धाकटा बरणीपासून दूर सरकला. मी त्याला जवळ घेतलं. घाबरू नकोस, गोष्ट पुढे चांगली होणार आहे.

पण त्याआधी विचार कर. या कोळ्याचं माणसाशी वैर काय? तो आपल्याला खात नाही. आपण त्याला खात नाही. ऑस्ट्रेलियात माणूस येऊन फार तर साठ-पासष्ट हजार वर्षं झाली. त्याआधी या खंडात माकड नव्हतं, वानर नव्हतं. नरसाळ्याचा वंश मात्र कोट्यवधी वर्षांचा. मग आपल्या दाराला चपखल बसणारी पाचर त्याच्याकडे आली कुठून?

याहून चक्रावणारी गोष्ट ऐक. हेच विष सशाला फारसं बाधत नाही. कुत्र्याला, मांजराला बाधत नाही. मोठ्या उंदराला नाही, मात्र नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला बाधतं. माकडाला बाधतं आणि माणसाला तर फारच. त्यातही मादीपेक्षा नराचं विष कितीतरी जालीम, एरवी मोठी असते मादी!

2020 साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी नरसाळ्याच्या अनेक भाऊबंदांची विषं तपासली आणि कोडं बरंचसं सुटलं. बिळात राहणाऱ्या कोळ्याला विष लागतं ते झुरळं पकडायला. नर एकदा बाहेर पडला की त्याला खाण्यापिण्याची शुद्ध नसते. पण उघड्यावर त्याला खाणारे पुष्कळ असतात: पक्षी, सरडे, बँडिकूट नावाचे पिशवीवाले प्राणी, पिशवीवाले उंदीर. त्यांना झोंबेल, वेदना होईल, ते क्षणभर मागे हटतील, असं विष ज्याच्याकडे होतं तो नर जगला. म्हणून वयात येताच त्याच्या विषात या बेचाळीस मण्यांच्या माळेचं प्रमाण वाढतं. सोडियमची दारं तर मुळात फार जुनी. झुरळाचं दार आणि आपलं दार एकाच सुताराच्या हातचं वाटावं इतकं सारखं. बँडिकूटसाठी घडलेली पाचर आपल्या दारात बसली, हा निव्वळ योगायोग. बाळा, तो तुला मारायला आलेला नाही. तू त्याच्या हिशेबातच नव्हतास.

"आणि रेडबॅक? आमच्या शेडमध्ये आहे तो?" थोरलीनं विचारलं. तिथं गवत कापायच्या यंत्राच्या मागे, पाठीवर लाल पट्टा असलेली वाटाण्याएवढी काळी मादी मी स्वतः पाहिली आहे.

रेडबॅकची करणी मज्जातंतूच्या तारेवर चालत नाही, तारेच्या टोकावर चालते. मज्जातंतू स्नायूला प्रत्यक्ष चिकटलेला नसतो. मध्ये एक अतिसूक्ष्म फट असते. हुकूम त्या फटीपाशी आला की तंतूच्या टोकातून बारीक पिशव्या फुटतात, त्यांतलं अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन फटीत सांडतं, आणि स्नायूला निरोप पोचतो. पत्रातला मजकूर नव्हे, पत्राची पिशवीच जणू पलीकडे फेकायची. आणि ही फट जगातल्या ज्या मोजक्या लोकांनी आधी उलगडली, त्यांतले तिघे याच शहरात एकत्र आले होते. आपण परवा मॅक्वारी रस्त्यावरून गेलो ना, तिथल्या सिडनी हॉस्पिटलमध्ये 1939च्या सुमाराला जॉन एकल्स, जर्मनीतून परागंदा झालेला तरुण बर्नार्ड कॅट्झ आणि व्हिएन्नातून निसटून आलेला स्टीफन कफलर मांजराच्या नि बेडकाच्या स्नायूंवर हाच अभ्यास करत होते. बाहेर महायुद्ध, आत हे तिघे त्या फटीवर डोळे लावून. रसायन थेंबाथेंबानं नाही, ठरावीक मापाच्या पुड्यांनी सुटतं, हे कॅट्झनं पुढे लंडनला सिद्ध केलं आणि 1970मध्ये त्याला नोबेल मिळालं.

त्याच 1970 साली न्यूयॉर्कमधल्या रॉकफेलर विद्यापीठात संशोधकांनी बेडकाच्या स्नायूवर ब्लॅक विडोचं विष सोडलं. ब्लॅक विडो म्हणजे आपल्या रेडबॅकची सख्खी अमेरिकन बहीण. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर मज्जातंतूंच्या टोकांतल्या पिशव्या पार संपलेल्या! विषातल्या लॅट्रोटॉक्सिन नावाच्या मोठ्या प्रथिनाचे चार-चार रेणू एकत्र येऊन टोकाच्या पडद्याला भोकच पाडतात, त्यातून कॅल्शियम आत शिरतं, आणि कॅल्शियम म्हणजे तर पिशव्या फोडायचा इशारा. वर्षभराची पत्रं एका दिवसात दारात ओतावीत, तसं स्नायूचं होतं. नरसाळ्या दार मिटू देत नाही. रेडबॅक भिंतीलाच नवं दार पाडते.

याचा अनुभव एका माणसानं जाणूनबुजून घेतला. 1933 साली अमेरिकेत अलाबामा विद्यापीठात अ‍ॅलन ब्लेअर नावाचे डॉक्टर होते. ब्लॅक विडोचा दंश खरंच इतका भयंकर असतो का, यावर तेव्हा वाद होता. त्यांनी आपल्या बोटाला कोळी लावला आणि दहा सेकंद चावू दिला. मग काय काय होतंय ते टिपत गेले. वेदना बोटातून काखेत, काखेतून छातीत, मग पोटात आणि पाठीत. पोटाचे स्नायू फळीसारखे ताठ. बोलणं जड, श्वास जड. त्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. बरे झाल्यावर त्यांनी सगळं सविस्तर छापलं. माझ्या मनात या माणसाबद्दल फार आदर आहे, पण तुम्ही दोघं कधीही असं काही करायचं नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

पोहे आले. थोरलीनं लिंबू पिळता पिळता आठवण करून दिली, "आबा, गोष्ट चांगली होणार होती."

हो, आता तेच सांगतो. नरसाळ्याच्या दंशानं मृत्यू झाल्याची पहिली नोंद 1927 सालची. दोन वर्षांचा मुलगा होता, याच उत्तरेकडच्या भागातला. तेव्हापासून 1980 पर्यंत तेरा माणसं दगावली, त्यांत मुलं बरीच. औषध नव्हतं. रेडबॅकवरचं प्रतिविष 1956 मध्येच तयार झालं होतं, घोड्यांच्या रक्तापासून. नरसाळ्यावर मात्र उपाय सापडेना. अडचण बघा: प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या प्राण्यांना विष बाधतच नाही, मग औषध चाललं की नाही हे पाहायचं कुणावर? त्यात नर मिळायचे मोजके, प्रत्येकाचं विष जेमतेम.

मेलबर्नच्या कॉमनवेल्थ सीरम लॅबोरेटरीजमध्ये स्ट्रुअन सदरलँड नावाचे डॉक्टर यामागे वर्षानुवर्षं लागले. आणि त्यांना वाट दाखवली सशानं. सशाच्या रक्तात आधीपासूनच असे काही घटक असतात, की हे विष त्याच्यावर फारसं चालत नाही. म्हणजे सशाला नराचं विष थोडंथोडं वाढवत देता येतं आणि तो ठणठणीत राहतो. त्याचं शरीर त्या बेचाळीस मण्यांना ओळखायला शिकतं, त्यांना जखडणारी प्रतिपिंडं बनवतं. ती प्रतिपिंडं रक्तातून वेगळी काढून शुद्ध केली की झालं प्रतिविष. माकडांवर ते कसोटीला उतरलं, आणि 1981च्या सुरुवातीला सिडनीत पहिल्या माणसाला दिलं गेलं. तो वाचला. प्रतिपिंडं सुट्या विषाला पकडतात, त्याला दारापर्यंत पोचू देत नाहीत. पाचरी निघतात, दारं पुन्हा मिटायला लागतात. काही तासांत माणूस उठून बसतो. कारण मी म्हटलं ना, मोडलेलं काहीच नसतं.

1981 पासून आजपर्यंत नरसाळ्याच्या विषानं एकही मृत्यू झालेला नाही.

सदरलँड यांनी आणखी एक गोष्ट दिली, ती तुम्हाला शाळेत शिकवलीच आहे. धाकट्यानं लगेच उठून माझ्या हातावर दाखवलं: चावलेल्या जागेपासून सुरू करून, रुंद पट्टी घट्ट गुंडाळत सगळा हात बांधायचा, बाजूला फळी लावायची, आणि हलायचं नाही, चालायचं नाही, ट्रिपल झिरो या आणीबाणीच्या नंबरला फोन. बरोबर! विष कातडीखालच्या लसीकावाहिन्यांतून पसरतं, आणि स्नायू हलले की त्या वाहिन्या जोरात वाहतात. दाबून, स्थिर ठेवलं की विष तिथंच अडकतं आणि रुग्णवाहिका येईपर्यंत वेळ मिळतो. रेडबॅकला मात्र पट्टी बांधायची नाही. तिचं विष सावकाश चालतं, पट्टीनं नुसती वेदना वाढते, तिथं बर्फ.

जावई आतून म्हणाले, "बाबा, ब्रिस्बेनचं पण सांगा." ते औषधांच्या क्षेत्रात आहेत, त्यांना त्यात रस.

तिथल्या क्वीन्सलँड विद्यापीठातले ग्लेन किंग या विषांतली एकेक माळ उलगडत बसले आहेत. कगारी बेटावरच्या नरसाळ्याच्या एका भाऊबंदाच्या विषात त्यांच्या गटाला एक प्रथिन सापडलं, नाव एचआय1ए. मेंदूला रक्त मिळेनासं झालं की तिथं आम्ल साठतं, आणि त्या आम्लानं पेशींवरची वेगळीच काही दारं उघडून पेशी मरू लागतात. हे प्रथिन ती दारं बंद करतं. 2017 साली त्यांनी उंदरांवर दाखवलं, की पक्षाघाताचा झटका आल्यावर आठ तासांनी दिलं तरी मेंदूचा बराच भाग वाचतो. पुढे हृदयाच्या पेशींवरही तसंच दिसलं. माणसांसाठी औषध व्हायला अजून पुष्कळ पायऱ्या आहेत. माझ्या थोरल्या भावाला असा झटका आला तेव्हा गावाहून मिरजेला पोचेपर्यंत सहा तास गेले होते. म्हणून मी ते आठ तास वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसलो होतो.

पोहे संपले. बरणीतला नर आता शांत झाला होता. मातीवर पुढचे दोन पाय हळूहळू आपटत होता, थांबत होता, पुन्हा आपटत होता. मादीच्या बिळाशी पोचला की नर असाच टकटक करतो म्हणतात. काचेला पाय लावून पाहायचा, घसरायचा. गुळगुळीत पृष्ठभाग याला चढता येत नाही.

दुपारी आम्ही गाडीनं निघालो. उत्तरेला, गॉसफर्डच्या अलीकडे सॉमर्सबीला ऑस्ट्रेलियन रेप्टाइल पार्क आहे. प्रतिविषासाठी लागणारं विष 1981 पासून तिथंच काढतात, आणि कोळी त्यांना लोकच आणून देतात, असेच आपापल्या अंगणातले, बरणीत घालून. कोळ्याला डिवचलं की तो सुळे उगारतो. मग काचेची बारीक नळी सुळ्याच्या टोकाशी नेऊन थेंब शोषून घ्यायचा. आठवड्याला एकदा. थेंब साठतात, मेलबर्नला जातात, सशांना टोचले जातात. एका कुपीसाठी कितीतरी नरांचं विष लागतं. चिल्लर जमवून घर बांधावं, तसं हे शहर आपलं औषध जमवतं. मला हे फार आवडलं. ज्याला पाहून लोक चप्पल उचलतात, त्यालाच इथं लोक ओली माती घालून, झाकणाला भोकं पाडून, गाडीतून नेतात.

बरणीवर चिठ्ठी लावायची असते, कुठं सापडला आणि कधी. थोरलीनं तारीख आणि भागाचं नाव लिहिलं. धाकटा म्हणाला, मलाही लिहायचंय. त्यानं पेन घेतलं, बराच वेळ विचार केला. इंग्रजी त्याला येतं, मराठी अक्षरं मी नुकतीच शिकवतोय. काउंटरवरची बाई थांबून राहिली. त्यानं जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर जोडत, तारखेच्या खाली लिहिलं: लग्न राहिलं.

बाईनं विचारलं, हे काय लिहिलंय. थोरलीनं तिला समजावून सांगितलं. बाईनं चिठ्ठी पुन्हा एकदा पाहिली, ती तशीच ठेवली, आणि बरणी दोन्ही हातांनी उचलून आत नेली.